मामांनी पास केलेल्या चिठ्ठ्या

जयसिंगरावांना मालक असायची सवय होती. साडेतीन एकरांचे ते मालक, दोन म्हशींचे मालक, वरच्या मजल्यावर हिंजवडीच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या चार खोल्यांचे मालक. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी सुनेनं त्यांना आणखी एका गोष्टीचं मालक केलं, आणि ती गोष्ट नक्की काय आहे हे त्यांना उन्हाळा लागेपर्यंत उमगलं नाही.

"मामा, तुम्ही आमचे प्रॉडक्ट ओनर," सायली म्हणाली. "म्हणजे मालक."

"कशाचा?"

"कामाचा."

"काम तर तुमी करनार."

"हो. पण बरोबर झालंय की चुकलंय, हे तुम्ही सांगायचं. आम्ही दर पंधरा दिवसांनी तुम्हाला दाखवणार."

"समदं झाल्यावर एकदाच दावा की. अर्धं काम काय बघायचं?"

"अर्धंच बघायचं असतं, मामा. म्हणून तर दाखवायचं."

जयसिंगरावांनी मान डोलावली. त्यांना काही न कळल्यावर ते नेहमी अशीच मान डोलवायचे, आणि समोरच्याला वाटायचं की यांना सगळं कळलं. या एका सवयीवर त्यांनी उपसा योजनेचं अध्यक्षपद नऊ वर्षं निभावलं होतं.

काम होतं त्याच योजनेचं. खाली बंधाऱ्यावर मोटर, वर टेकाडावर टाकी, आणि टाकीतून निघालेल्या पाइपलाइनवर नेरे गावातले चौऱ्याऐंशी खातेदार. कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं हे गेली चौतीस वर्षं गेणबा पाटकरी सांगत आला होता. गेणबा वरच्या वाडीवरचा. अक्षर एक येत नव्हतं, पण चौऱ्याऐंशी पाळ्या डोक्यात पाठ. आता त्याचे गुडघे गेले होते आणि पाडवा झाला की तो ताम्हिणीकडं लेकीकडं राहायला जाणार होता. त्याच्या मागं पाळी कोण लावणार, यावरून गावात चार भांडणं होऊन गेली होती.

सायलीची सॉफ्टवेअर कंपनी दर वर्षी कुठल्यातरी एका गावाचं काम फुकट करून द्यायची. यंदा सायलीनं नेऱ्याचं नाव घातलं. नुसतं घातलं नाही, तर ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, "उन्हाळ्याची पहिली पाळी फोनवर लागेल. ज्याची पाळी त्याचा फोन वाजेल." चिंचवडची पोरगी, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, गावासमोर पहिल्यांदाच तोंड उघडत होती. मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, "बघू की." त्या 'बघू की'तली गंमत सायलीला कळली नसेल, जयसिंगरावांना बरोबर कळली. हे काम फसलं तर गाव या पोरीला म्हातारी होईपर्यंत ऐकवणार होतं. त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की आपण तिच्या पाठीशी उभं राहायचं, काय वाटेल ते झालं तरी.

उभं तर त्यांना दुसऱ्याच दिवसापासून राहावं लागलं. सकाळी सव्वानऊला फोनवर चार चौकोन उघडायचे. एकात सायली, एकात कोड लिहिणारा दिग्विजय, एकात तपासणारी प्राजक्ता, आणि चौथ्यात स्वतः जयसिंगराव, कपाळापासून वरचे. सगळ्यांनी उभ्यानंच बोलायचं. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं अडलंय. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभ्यानं. गावात उभ्यानं फक्त भांडण होतं, बोलणं करायचं तर बैठकच मारावी लागते. त्यामुळे पहिले काही दिवस त्यांना सारखं वाटायचं की आता कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर जाणार.

पहिल्या दिवशी त्यांची पाळी आल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "काल टमाट्याला औषध मारलं. आज म्हशीला डॉक्टर आनायचाय. आन अडलंय म्हंजे, दादासाहेबानं माज्या बांधावर दगडं टाकल्यात."

दिग्विजयनं ते लिहूनही घेतलं. पोरगा सरळ होता.

मग पत्ते निघाले. शनिवारी तिघं ओसरीवर येऊन बसली, प्रत्येकाच्या हातात पत्त्यांचा जोड, आणि सायली एकेक काम वाचून दाखवायची. काम किती मोठं, त्याचा आकडा प्रत्येकानं मनाशी धरायचा आणि सगळ्यांनी एकदम पत्ता टाकायचा. जयसिंगरावांना तीनपत्ती येत होती, रमी येत होती, पण हा डाव काही केल्या लागेना. त्यांनी एक जोड उचलून बघितला. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा.

"चार कुटं गेला?"

"चार नसतो, मामा."

"का?"

दिग्विजयनं समजावलं. ते समजावणं संपल्यावर चार का नसतो हे तर कळलं नाहीच, पण पाच का असतो हेही कळेनासं झालं. तेवढ्यात प्राजक्तानं आठ टाकला.

"आठ म्हंजे आठ दिवस?"

"नाही. आठ म्हणजे पाचपेक्षा मोठं काम, तेरापेक्षा छोटं."

"मग दिवस किती?"

"ते आत्ता नाही सांगता येणार, काका."

विहीर खणायला आलेल्या माणसानं असं सांगितलं असतं तर जयसिंगरावांनी त्याला वेशीपर्यंत पोचवला असता. पण ही पाहुणी माणसं. त्यांनी मान डोलावली.

माडीवरची एक खोली भाडेकरू गेल्यानं मोकळी होती. तिच्या भिंतीवर सायलीनं चिकटपट्ट्या लावून तीन रकाने पाडले: करायचं, चाललंय, झालं. कामं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहिलेली. काम हातात घेतलं की चिठ्ठी मधल्या रकान्यात. दिग्विजयचं लिहून झालं की प्राजक्ता तपासणार, मग मामा बघणार, मामा 'हो' म्हणाले की चिठ्ठी 'झालं'मध्ये. शेजारी एका कागदावर उरलेल्या कामाची एक रेघ काढलेली. ती रोज थोडी खाली यायची आणि ती खाली आली की तिघांना आनंद व्हायचा. आयुष्यभर जयसिंगरावांनी खाली येणारी रेघ बघितली ती विहिरीच्या पाण्याची. ते दर शनिवारी त्या कागदाकडं पाठ करून बसायचे.

पण खरे बुचकळ्यात पडले ते प्राजक्ताचं काम बघून. एवढीशी पोर, पण हात धुऊन मागं लागायची. खातेदाराचं क्षेत्र विचारलं तर तिनं वजा पाच एकर घातलं. नावाच्या जागी नुसती टिंबं घातली. एकच माणूस सात वेळा घातला. शेवटी अ‍ॅप पांढरं पडून बंद झालं, तशी ती खूश होऊन म्हणाली, "पडलं!" आणि ज्यानं ते रात्रंदिवस खपून बनवलं होतं, तो दिग्विजय तिला म्हणाला, "थँक यू यार, वाचवलंस."

जयसिंगराव स्वयंपाकघरात गेले. "आगं, त्येनं केल्यालं ती पाडतीया, आन त्यो तिचंच उपकार मानतोय."

"मंग तुमी कशाला जाता तितं?" रंभाबाई म्हणाल्या. "डोकं दुखून येतंय तुमचं."

"मी मालक हाय."

रंभाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पुढं कणीक मळली.

आता इथं जयसिंगरावांची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. रंभाबाई नवी नवरी होत्या तेव्हाची ती. भातलावणीला पंधरा माणसं चिखलात होती आणि नव्या सुनेची ओळ वाकडी गेली. जयसिंगरावांच्या वडिलांनी बांधावरनं सगळ्यांदेखत तिचं आणि तिच्या माहेरचं काढलं. रंभाबाई वाकल्या होत्या त्या वाकूनच राहिल्या; रडताना तोंड दिसू नये म्हणून. जयसिंगराव तिथंच चिखलात उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की आपल्या घरात सून आली तर तिला चारचौघांत कधी बोल लावायचा नाही. काही सांगायचं असेल तर घरातल्या बाईमार्फत, हळूच. आणि तीन वर्षं त्यांनी हे इतकं कडक पाळलं, की सासरा असावा तर जयसिंगरावांसारखा, असं नेऱ्याच्या बायका बोलायच्या. हे बोलणं त्यांच्या कानावर येईल अशा बेतानंच बोलायच्या, आणि त्यांनाही ते ऐकायला आवडायचं.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी दुसरं दाखवणं झालं. ओसरीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. प्राजक्ता आणि दिग्विजय तिळाच्या वड्या खात बसले होते. पडद्यावर चौऱ्याऐंशी खातेदारांची यादी आली, पाळीच्या क्रमानं. एक नंबरला दादासाहेब, टाकीला अगदी लागून वावर असलेला. चौऱ्याऐंशीला पारूबाई, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, ज्याला गावात सगळे टेलच म्हणतात.

जयसिंगरावांनी बघितलं आणि त्यांना चटका बसला. हे उलटं होतं.

नेऱ्यात पाणी टेलपासून सुटतं. आधी पारूबाई, मग तिच्या वरचा, असं करत करत शेवटी दादासाहेब. योजना झाली त्या वर्षीच म्हाताऱ्यांनी हे ठरवून टाकलं होतं. वरच्यांना आधी दिलं की ते घटकाभर जास्तच घेतात, मध्येच वीज जाते, मोटर बसते, आणि टेलचा माणूस कोरडी नळी बघत बसतो. हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. इतकं ठाऊक, की सायलीला ते सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, जयसिंगरावांच्याही नाही. सायलीनं टाकीपासून नंबर मोजले. शहरात कुणीही तसंच मोजलं असतं.

"मामा, बरोबर आहे ना?" सायलीनं विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. दोन परकी माणसं वडी चघळत जयसिंगरावांच्या तोंडाकडं बघत होती.

"झक्कास," जयसिंगराव म्हणाले.

चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली.

त्यांनी मनाची समजूत घातली. ही मंडळी स्वतःच म्हणतात की हे अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात सुधारतील. शिवाय रंभाबाई आहेत की. संध्याकाळी त्यांनी रंभाबाईंना सगळं नीट सांगितलं आणि रंभाबाईंनी "सांगते" म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "भांडी लावता लावता गानं म्हनत व्हती वो ती. जीब न्हाई रेटली माजी."

"मंग आज सांग."

"व्हय, सांगते."

ते राहिलं ते राहिलंच. फेब्रुवारीत फोन वाजायचं काम झालं, ते त्याच क्रमावर. मग किती तास थांबावं लागेल याचा हिशेब झाला, तोही त्याच क्रमावर. एकाच नळीवर दोन भाऊ असले तर काय, घरात सुतक असलं तर शेजारी पाणी धरतो त्याचं काय, असलं बरंच काही जयसिंगरावांना दिसत होतं, आणि दर दाखवण्याला ते "झक्कास" म्हणत होते. पहिलं झक्कास म्हणताना जेवढा त्रास झाला त्याच्या दुप्पट दुसऱ्याला, आणि चौथ्यानंतर तर मागं फिरायची वाटच दिसेना. आता सांगितलं तर सून विचारणार, मग आधी का नाही?

एकदा धीर केला. सायली स्कूटर काढत होती, अंगणात दुसरं कुणी नव्हतं. ते पुढं होऊन म्हणाले, "पोरी, त्या यादीचं जरा..."

"मामा, तुम्हाला सांगायचंच राहिलं," ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "बाकीच्या टीम रडतायत. त्यांचे ओनर रोज काही ना काही चुका काढतात. आपलं सगळं पहिल्या फटक्यात पास. प्राजक्ताला तर संशयच येतो. मी म्हटलं, आमचे मामा अध्यक्ष आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही." आणि हसून म्हणाली, "यादीचं काय म्हणत होतात?"

"काय न्हाई. चांगली झालीया."

स्कूटर गेली आणि जयसिंगराव गोठ्यात जाऊन म्हशींपुढं वैरण टाकायला लागले. आपण नक्की कुठं चुकतोय हे त्यांना कळत नव्हतं. सुनेचा मान राखणं चूक, असं कुणी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं.

पाडव्याला आठ दिवस असताना प्राजक्ता म्हणाली की गावातल्या खऱ्या माणसांच्या हातात दिल्याशिवाय ती अ‍ॅप पास होऊ देणार नाही. रविवारी सकाळी भैरोबाच्या सभामंडपात आठ खातेदार आपापले फोन घेऊन जमले. गुडघे चोळत गेणबाही पायरीवर येऊन बसला. जयसिंगरावांनी खांबाजवळची जागा धरली. त्यांना रात्रभर झोप नव्हती.

दिग्विजयनं लॅपटॉपवर बटण दाबलं. दादासाहेबांचा फोन खणखणला.

"आरं वा! पयला नंबर आपला!" दादासाहेब उठून उभेच राहिले. "सायलीनं एक नंबर काम केलंय बघा. जयसिंग, सून हिरा हाय तुजी."

पारूबाईंचा फोन वाजला नाही. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला, मग प्राजक्ताकडून वाचून घेतला. "तुमची पाळी अकरा दिवसांनी."

"अकरा दिसांनी?" पारूबाई म्हणाल्या. "आवो, वीस गुंठं काकडी हाय माजी. तवर ऱ्हाती का ती?"

"पयला कोन म्हनला?" पायरीवरनं गेणबानं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला चांगलं येत होतं. "दादासाहेब? आन पारू शेवटाला? हे समदं उलटं हाय की."

"उलटं कसलं?" दादासाहेब तडकले. "जयसिंगनं पास केलंय. मशिनीपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

मंडपात कलकल वाढली. सायली शांत होती. ती गेणबाजवळ गेली आणि अदबीनं म्हणाली, "गेणबाकाका, हा क्रम मामांनी स्वतः बघितलाय. एकदा नाही, चार वेळा." आणि वळून, अगदी विश्वासानं, "मामा, तुम्ही सांगा ना यांना."

सगळ्या माना खांबाकडं वळल्या.

'बरोबर हाय' एवढं म्हटलं की पोरीची मान ताठ राहत होती आणि पारूबाईंची काकडी जळत होती. 'चूक हाय' म्हटलं की चारचौघांत, दादासाहेबांदेखत, पाहुण्यांदेखत, सुनेचं काम आपल्या तोंडानं पाडायचं होतं. बांधावरनं ओरडणारे आपले वडील जयसिंगरावांना दिसले. त्यांनी पारूबाईंकडं बघितलं. पारूबाई अजून फोन डोळ्यांशी धरून होत्या, जणू नीट बघितलं की अकराचा एक होईल.

"गेणबा म्हनतोय ते खरं हाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "उलटं हाय. पानी टेलपास्नं सुटतंय. मला म्हाईत व्हतं."

"कधीपासून?" सायलीनं विचारलं.

"संक्रांतीपास्नं."

जयसिंगराव वाट बघत राहिले, की आता ही रडेल, आता खाली मान घालेल. सायलीनं एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग ती लोकांकडं वळली.

"चुकलंय," ती सरळ म्हणाली. "मी टाकीपासून मोजलं. आठवडाभरात क्रम बदलून देते. पहिली पाळी ठरल्या दिवशीच लागेल, पारूकाकूंपासून. गेणबाकाका, तुम्ही आज घरी जायचं नाही. माझ्याशेजारी बसा आणि पहिल्यापासून सगळं सांगा."

"बसतो की," गेणबा म्हणाला. "घरी तरी कोन ईचारतंय मला."

पारूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई आत्ताच कळलं." दादासाहेबांनी तोंड वाकडं केलं. मग चहा आला आणि लोक चहा प्यायले. बस्स, एवढंच. ज्या एका क्षणापासून पोरीला वाचवायला जयसिंगरावांनी अडीच महिने जिवाचं रान केलं होतं, तो चहा निवायच्या आत सरला. लाजेनं भाजत होतं ते एकटे जयसिंगराव, आणि त्यांच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

दुपारी ते जिना चढून माडीवर गेले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी बाहेर बूट काढून कडी वाजवली.

'झालं'चा रकाना रिकामा होता. त्यातल्या एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या सायलीनं सतरंजीवर मांडल्या होत्या आणि मध्ये ती बसली होती. डोळे लाल होते. म्हणजे रडली होती, पण मंडपात नाही, इथं.

"बसा, मामा."

ते मांडी घालून बसले. तिनं पहिली चिठ्ठी पुढं केली. पाळीचा क्रम.

"चूक," ते म्हणाले.

दुसरी. खातेदाराचं नाव आणि क्षेत्र.

"हे बराबर हाय."

"खरंच, की मान म्हणून?"

"खरंच," जयसिंगराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्याच कानांना ते आधीच्या सगळ्या झक्कासांसारखं ऐकू आलं. तसंच गोड, तसंच गुळगुळीत. त्यांना स्वतःलाही फरक सांगता आला नसता.

"हीच तर पंचाईत आहे," सायली म्हणाली. "मला गावाची लाज नाही वाटली, मामा. चुका तर आम्ही रोज करतो. प्राजक्तानं माझ्या एकटीच्या पन्नास काढल्या असतील. पण तुम्ही छान म्हणालात की मला केवढं बरं वाटायचं. मी घरी फोन करून आईला सांगायचे, मामांना आवडलं. आता मागचं प्रत्येक छान मला परत तपासावं लागणार."

"चारचौघांत तुला खाली बघाया लागू नये, म्हनून म्या..."

"माहितीये. रंभाआत्यांनी सांगितलं आत्ता सगळं, त्या लावणीचं." ती थांबली. तिची नजर त्यांच्या पायांवर होती. डाव्या पायाच्या करंगळीवर बोराएवढं कुरूप आलं होतं, कडेनं लाल. "हे कशानं झालं?"

जयसिंगरावांनी पाय धोतराखाली ओढला.

"मामा. मी साठीला दिलेल्या बुटांनी?"

पुन्हा 'न्हाई गं' ओठांवर आलं होतं. ते गिळायला त्यांना मंडपातल्यापेक्षाही जास्त बळ लागलं.

"चावत्यात जरा."

"दीड वर्ष झालं."

"व्हय."

"रोज घालता तुम्ही ते. मी विचारलं की म्हणता, मऊ लोण्यासारखे आहेत."

"तू हौसंनं आनलं व्हतंस."

"दुकानात बदलून मिळाले असते हो," सायली म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "फक्त एक नंबर मोठे घ्यायचे होते."

रंभाबाईंना जयसिंगराव भाकरी करपली तर भाकरी करपली म्हणत. लेकाला, इंद्रजितला, तर तोंडावर शिव्या घालत. घरातल्या कुणाशी बोलताना त्यांना कधी शब्द निवडावे लागले नव्हते, एक ही पोरगी सोडून. सून आणली म्हणून ते गावभर मिरवले, आणि तीन वर्षं तिला या घरात पाहुणीसारखी ठेवली. पाहुण्याच्या ताटात वाढतात तसं तिला फक्त गोड वाढत राहिले. हे त्यांना आत्ता, बासष्टाव्या वर्षाच्या तोंडावर, माडीवरच्या सतरंजीवर बसून कळत होतं, आणि कळून पुढं काय करायचं ते काही कळत नव्हतं.

त्यांनी पाय धोतराबाहेर काढला, मोकळा पसरला. हात लांब करून पुढची चिठ्ठी उचलली. सुतक असलेल्या घराची पाळी आपोआप रद्द होते, असं तिच्यावर लिहिलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं. मग सुनेच्या डोळ्यांत बघितलं.

"हे तर लईच चुकलंय, पोरी," ते म्हणाले.

सायलीनं नाक पुसलं आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा," ती म्हणाली.